वाचकांचे प्रश्न : सीडी-डीव्हीडीवरची माहिती किती भरवशाची?

घरातील छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्या जतनाविषयी मागील अंकात आलेल्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील अनेकांचा रोख सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या तबकड्यांकडे होता, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. जागेअभावी प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : २०२१ च्या जुलैमधील पुरात आमच्या तळमजल्यात चिखलाचे पाणी भरले. संगणकाची हार्ड डिस्क त्यानंतर चालू झालेली नाही. त्याच कपाटातल्या, धाकट्याच्या मुंजीच्या आणि सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या डीव्हीडी मात्र धुऊन पुसल्यावर चालल्या. तेव्हापासून यजमानांचे म्हणणे असे की, यापुढे सगळे डीव्हीडीवरच ठेवायचे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : डीव्हीडी बचावल्या हा योगायोग नव्हता. हार्ड डिस्कमध्ये माहिती धरणाऱ्या चकत्या, त्या वाचणारी हेडे, मोटर आणि सर्किट हे सगळे एकाच डबीत असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बहुतेक डबींना एक बारीक छिद्रही ठेवलेले असते, आणि गढूळ पाण्याला तेवढी वाट पुरते. तबकडीत यातले काहीच नसते. ती १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची चकती असते. तिच्यात ना सर्किट, ना चुंबकीय थर, ना हलणारा भाग. लेझरचा किरण तिच्यावरून फिरतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातील फरकावरून यंत्र माहिती ओळखते. किरणाखेरीज तिला काहीही टेकत नाही, त्यामुळे वाचून वाचून ती झिजत नाही.

त्यातही आपल्याकडे डीव्हीडी होत्या हे बरे झाले. डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकखाली राहतो. सीडीमध्ये हाच थर वरच्या, म्हणजे नाव छापलेल्या बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. पुराच्या पाण्यात भिजलेल्या सीडीचा हा लेप सुटला, तर त्याच्याबरोबर चकाकणारा थरही पापुद्र्यासारखा निघतो आणि माहिती गेली ती गेली.

तरीही यजमानांचे म्हणणे मी अर्धेच मान्य करीन. तबकडीचा जो गुण आपल्याला पुरात दिसला, म्हणजे माहिती एका वस्तूत आणि ती वाचणारे यंत्र दुसऱ्या वस्तूत, तोच काळाच्या ओघात तिचा सर्वांत मोठा दोष ठरतो. तबकडी शाबूत राहिली तरी तिला वाचणारे यंत्र उरेलच असे नाही. याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधले आहे. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये करवून घेतलेल्या ‘डोम्सडे’ या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशभरातून मजकूर, नकाशे आणि छायाचित्रे जमवून ती दोन मोठ्या लेझरडिस्कवर साठवली. ती दाखवण्यासाठी बीबीसीच्याच नावाने निघालेला संगणक आणि खास तयार केलेला प्लेअर लागत असे. पंधरा-सोळा वर्षांत चालू स्थितीतले प्लेअर इतके दुर्मीळ झाले की, लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांना त्या जुन्या यंत्रणेची नक्कल करणारी आज्ञावली लिहावी लागली. १०८६ ची चामड्यावर लिहिलेली मूळ वही आजही लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येते.

सीडी आणि डीव्हीडीची गोष्ट इतकी बिकट नाही, कारण त्यांची मानके जगभर एकच राहिली. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी आज विकत मिळणाऱ्या ड्राइव्हमध्येही चालते. परंतु नवीन लॅपटॉपांतून हा ड्राइव्ह केव्हाच हद्दपार झाला आहे. तेव्हा मुंजीच्या आणि पंचाहत्तरीच्या डीव्हीडींतील चित्रण आताच, ड्राइव्ह हाताशी आहे तोवर, हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि तबकड्याही टाकू नका. जाता जाता एक सांगतो : भिजलेली हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा वीज लावून तपासत असाल तर ते थांबवा. माहिती परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा अशा डिस्कमधूनही पुष्कळदा काही मिळवतात; पण घरी चालू करून पाहिलेल्या डिस्कच्या चकत्यांवर चिखलाचे कण हेडाबरोबर घासले जातात, आणि मग त्यांच्याही हाती काही लागत नाही.

प्रश्न : सीडीच्या खालच्या बाजूला ओरखडे पडले तर टूथपेस्ट चोळावी असे मुले सांगतात. त्यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : थोडे आहे, पण शेवटचा उपाय म्हणून. खालच्या बाजूला माहिती नसतेच. तिथे असते ते जाड पारदर्शक प्लास्टिक. किरण त्यातून आत शिरून वरच्या थरावर एकवटतो, त्यामुळे पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा त्याला धूसरच दिसतो. शिवाय सीडीवर माहिती लिहिताना ती विखरून, सोबत जादा अंक घालून लिहिलेली असते. या योजनेमुळे ओळीने ४,००० बिट, म्हणजे मागावरचा (माहिती ज्या गोल फिरणाऱ्या रेषेवर लिहिलेली असते तिच्यावरचा) सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा, वाचता आला नाही तरी उरलेल्या अंकांवरून तो जसाच्या तसा पुन्हा मिळवता येतो. म्हणूनच मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा फारसा त्रास देत नाही आणि मागाच्या दिशेने गोल फिरलेला ओरखडा सीडी अडकवतो. पुसतानाही मऊ सुती कापडाने मधून बाहेर पुसावे, थाळी पुसतो तसे गोल नव्हे, ते याच कारणाने. टूथपेस्टमधल्या बारीक कणांनी वरवरचा ओरखडा घासून सपाट होतो इतकेच. ब्ल्यू-रेवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये, कारण तिचा माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्यावरचा कठीण लेप आपणच घासून काढाल.

खरे जपायचे ते सीडीच्या वरच्या बाजूला. बॉलपेनने नाव लिहिणे, चिकटणारे लेबल लावणे आणि नंतर ते ओढून काढणे, या दोन सवयींनी सीडींचे ओरखड्यांपेक्षा अधिक नुकसान केले आहे. नाव लिहायचेच तर मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक वर्तुळावर, मऊ टोकाच्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मार्करने लिहावे.

प्रश्न : आमच्या मंडळाने २००२ ते २००६ या काळात गावोगावच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे सीडींवर काढून ठेवली. आता त्यांतल्या काही व्यवस्थित वाजतात, काही मुळीच वाजत नाहीत. सगळ्या एकाच पेटीत होत्या. काहींची खालची बाजू निळी, काहींची हिरवट, काहींची सोनेरी आहे. त्याचा याच्याशी संबंध असेल काय? आणि तबकडीचे आयुष्य नेमके किती धरावे?
— एका भजनी मंडळाचे कार्यवाह, सांगली

उत्तर : संबंध आहे. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीमध्ये माहिती म्हणजे कारखान्यात साच्याने प्लास्टिकमध्येच उठवलेले सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा चकाकणारा थर असतो. घरी काढलेल्या सीडीमध्ये खळगे नसतात. तिथे सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो आणि राइटरचा लेझर तो ठिकठिकाणी तापवून त्याची पारदर्शकता बदलतो. हे रंगद्रव्य प्रकाशाने, उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू बिघडते, म्हणून छापील आणि घरी काढलेली सीडी दिसायला जुळी असली तरी त्यांचे आयुष्य एका मापाने मोजता येत नाही.

रंगद्रव्यांचे मुख्य प्रकार तीन. सायनीन हे सर्वांत जुने, निळसर-हिरवे आणि प्रकाशाला सर्वांत हळवे. ॲझो हे गडद निळे आणि त्यापेक्षा बरे. थॅलोसायनीन जवळजवळ रंगहीन असते, त्यामुळे त्याच्या आडून मागचा धातूचा थरच दिसतो, आणि तिघांत ते सर्वाधिक टिकाऊ. मागचा धातू चांदीचा असेल तर हवेतील गंधकाशी त्याचा संयोग होऊन तो काळवंडतो; सोन्याचा असेल तर ते होत नाही. आपल्या सोनेरी सीडी खरोखर सोन्याच्या थराच्या असतील, तर त्या सर्वांत शेवटी दगा देतील. परंतु केवळ रंगावर विसंबू नका, कारण नुसती सोनेरी छटा दिलेल्या तबकड्याही बाजारात होत्या.

आयुष्याबद्दल कॅनडाच्या सरकारी जतनसंस्थेने दिलेले अंदाज मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. थॅलोसायनीन आणि सोने असलेल्या सीडीला ती शंभर वर्षांहून अधिक देते, सायनीनच्या सीडीला २० ते ५० वर्षे देते, आणि लिहिता येणाऱ्या साध्या ब्ल्यू-रेला अवघी ५ ते १०. नवी आणि महाग तबकडी जुनीपेक्षा अल्पायुषी ठरावी हे पुष्कळांना पटत नाही. पण साठवणीची घनता वाढते तसा चुकीला वाव कमी होतो. सीडीवरच्या दोन मागांत १.६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असते, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्ल्यू-रेवर ०.३२. त्यामुळेच तर सीडीवर ७०० मेगाबाइट मावतात, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट आणि ब्ल्यू-रेच्या एका थरावर २५ गिगाबाइट.

‘एम-डिस्क’ नावाच्या तबकडीबद्दलही आपण ऐकले असेल. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याऐवजी दगडासारखा निरिंद्रिय थर असतो आणि ती हजार वर्षे टिकेल अशी जाहिरात होती. असे आकडे तबकड्या अतिशय उष्ण आणि दमट पेटीत काही आठवडे ठेवून, त्यांच्या बिघाडाच्या वेगावरून काढलेले असतात. थर चांगला आहे याविषयी वाद नाही, पण हजार वर्षे कोणी वाट पाहिलेली नाही, आणि ती तबकडी काढणाऱ्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे दिवाळे मात्र २०१६ मध्येच वाजले.

आपल्या हातात आहे ते ठेवण्याचे ठिकाण. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. सांगलीतला एप्रिल आणि आपल्याकडचा पावसाळा पाहता हे आकडे वाचून हसू येईल, तरी त्यांतून दिशा कळते. पत्र्याखालचा माळा नको, उन्हाची खिडकी नको, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला लागून असलेले कपाट नको. प्रत्येक सीडी स्वतंत्र कडक डबीत, उभी, आणि त्या डब्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरते. बुरशीचे भय निव्वळ कल्पनेतले नाही : मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीने खाऊन टाकल्याचे स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते.

मंडळाच्या दृष्टीने निकडीचे काम म्हणजे निळ्या आणि हिरवट सीडी प्रथम उतरवून घेणे. ज्या आज वाजत आहेत त्यांनाच आधी हात घाला. न वाजणाऱ्यांच्या मागे लागून वेळ घालवण्याचा मोह होतो, आणि तोवर वाजणाऱ्यांतल्या आणखी दोन-चार जातात.

प्रश्न : मी वकिली करतो. पक्षकार सीसीटीव्हीचे चित्रण कधी सीडीवर तर कधी पेन ड्राइव्हवर आणून देतात. पुरावा म्हणून यांतले अधिक भक्कम कोणते?
— एक वकील, जालना

उत्तर : कलमे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, म्हणून तांत्रिक बाजू आधी सांगतो. एकदाच लिहिता येणारी आणि ‘फायनलाइज’ केलेली, म्हणजे पुढे भर घालता येऊ नये अशी बंद केलेली, सीडी किंवा डीव्हीडी नंतर बदलता येत नाही. पेन ड्राइव्हवरची फाइल कोणीही, कधीही, मागमूस न ठेवता बदलू शकतो; इतकेच काय, तो संगणकाला नुसता जोडला तरी संगणक स्वतःच्या बारीकसारीक नोंदी त्यावर करून मोकळा होतो. या एका बाबतीत तबकडीला तोड नाही. मात्र पुन्हा पुन्हा लिहिता येणारी, नावापुढे ‘आरडब्ल्यू’ असलेली तबकडी या कामाला घेऊ नये. लिहिताना सत्र खुले ठेवले, तर साध्या सीडीवरही नंतर भर घालता येते, हेही तपासावे.

पण तबकडी बदलता येत नाही म्हणून तिच्यावरचे चित्रण खरे ठरत नाही. खोटे चित्रणही सीडीवर तितकेच पक्के बसते. सर्वोच्च न्यायालयाने हा धागा दोनदा स्पष्ट केला आणि दोन्ही वेळा प्रकरण तबकड्यांचेच होते. २०१४ मध्ये केरळमधील एका निवडणूक याचिकेत प्रचाराची गाणी आणि भाषणे असलेल्या सीडी, प्रत कशी आणि कोणत्या यंत्रावरून काढली हे सांगणाऱ्या, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्राअभावी, ग्राह्य धरता येणार नाहीत असे न्यायालयाने म्हटले. दुसरे प्रकरण तर आपल्याच गावचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या निवडणूक कार्यालयात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, हे दाखवणाऱ्या चित्रणाच्या व्हीसीडी याचिकाकर्त्याला मिळाल्या, पण मागूनही प्रमाणपत्र मिळाले नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात २०२० च्या जुलैमध्ये न्यायालयाने ठरवले की मूळ उपकरणच हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, पण प्रत हजर करायची तर ते अनिवार्य आहे, आणि कार्यालय ते देत नसेल तर ते मिळवून देण्याची विनंती न्यायालयाला करता येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हा विषय कलम ६३ खाली आला आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश मूल्य’, म्हणजे तिच्यातील माहितीवरून गणिताने काढलेला जणू तिचा ठसा, नमूद करावे लागते. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य पूर्णपणे बदलते. इथे बंद केलेली तबकडी उपयोगी पडते : तिच्यावरील फाइलचे हॅश मूल्य आज जे येईल तेच, ती वाचता येते तोवर, पुढे केव्हाही येईल. म्हणून माझा सल्ला असा की चित्रण तबकडीवर घ्यावे, मूल्य त्याच वेळी काढून लिहून ठेवावे, आणि खटला लांबेल हे गृहीत धरून एकाच वेळी दोन तबकड्या काढाव्यात.

प्रश्न : माझा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. जुने काम साधारण दोन टेराबाइट साठले आहे. ते ब्ल्यू-रेवर टाकून हार्ड डिस्क मोकळ्या कराव्यात असा विचार आहे. राइटर घेऊ का?
— एक छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर : हार्ड डिस्क मोकळ्या करण्यासाठी म्हणाल तर घेऊ नका. हिशेब करून पाहू. दोन टेराबाइटसाठी २५ गिगाबाइटच्या ८० तबकड्या लागतील. सहापट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मेगाबाइट या गतीने, एक तबकडी भरायला पंधरा मिनिटे धरली आणि लिहिलेले नीट उतरले की नाही हे पडताळायला तितकीच, तर एकूण चाळीस तासांचे काम झाले, आणि दर अर्ध्या तासाने तबकडी बदलायला माणूस हजर हवा. पडताळणी गाळण्याचा मोह होईल. ती गाळलेली तबकडी तबकडी म्हणून मोजूच नये. शंभर गिगाबाइटच्या तबकड्या घेतल्या तर वीसच लागतील, पण त्या महाग, आणि एक बिघडली की चौपट नुकसान.

या तबकड्यांवर मोठ्या प्रमाणावर साठवण शक्य नाही असे नाही. फेसबुकने २०१४ मध्ये दहा हजार ब्ल्यू-रे तबकड्यांचे एक कपाट करून दाखवले होते आणि त्यात एक पेटाबाइट, म्हणजे हजार टेराबाइट, माहिती मावत होती. पण तिथे तबकड्या काढण्या-घालण्याचे काम यांत्रिक हात करीत होते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनीही त्याच वर्षी कार्यालयीन वापरासाठी ३०० गिगाबाइटच्या तबकडीची घोषणा केली. त्यानंतर वारे फिरले. पॅनासॉनिकने २०२३ च्या फेब्रुवारीत आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रेचे उत्पादन थांबवले. आपल्याकडे तर ही घसरण आधीच दिसली होती. नोएडाची मोझर बेअर ही एके काळी कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. २०१८ मध्ये तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश निघाला. इतर उत्पादकांचा माल आजही मिळतो, पण कामाची सगळी मांडणी ज्या वस्तूवर उभी करायची तिचा पुरवठा आटत चालला आहे, हे धंदा करणाऱ्याने विसरून चालणार नाही.

असे असले तरी राइटरला आपल्याकडे एक जागा आहे. दोन टेराबाइट दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक स्टुडिओत, दुसरी घरी किंवा भावाकडे, आणि दुसरी एरवी संगणकाला जोडलेली नसावी. त्याशिवाय प्रत्येक लग्नातील निवडक, अल्बममध्ये गेलेली छायाचित्रे एका ब्ल्यू-रेवर किंवा डीव्हीडीवर घ्या. खंडणीसाठी फाइलींना कुलूप घालणारे व्हायरस संगणकाला जोडलेली प्रत्येक हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह खाऊन टाकतात. लिहून बंद केलेल्या तबकडीला ते हात लावू शकत नाहीत. चुकून ‘डिलीट’ दाबणाऱ्या मदतनिसालाही हेच लागू आहे. ब्ल्यू-रे घेताना वेष्टनावर ‘एलटीएच’ ही अक्षरे असतील तर ती बाजूला ठेवा, कारण त्या प्रकारात पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्यच वापरलेले असते. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (हलता भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न देता वर्षानुवर्षे ठेवल्यास तो भार गळत जातो. तेव्हा कपाटात ठेवून विसरण्यासाठी ते योग्य नाहीत.

चुंबकीय टेपबद्दल आपण विचारलेले नाही, पण अशा साठवणीसाठी बँका आणि चित्रपट स्टुडिओ तीच वापरतात. एलटीओ या प्रकारच्या टेपच्या नवव्या पिढीत एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. टेप स्वस्त, तिचा ड्राइव्ह मात्र एकट्या छायाचित्रकाराला झेपणार नाही इतका महाग.

प्रश्न : पुण्याहून येताना आईबाबांनी मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडींची पेटीच आणली आहे. इथल्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेतला तर या तबकड्या इथे चालतील का? व्हीसीडीमध्ये नुसती ‘डॅट’ नावाची फाइल दिसते, असे कोणी तरी म्हणाले.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : यूएसबीने जोडायचा साधा डीव्हीडी राइटर पुरेल, तो सीडी, व्हीसीडी आणि डीव्हीडी तिन्ही वाचतो. व्हीसीडीला देशांची बंधने नाहीत. आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ती ‘डॅट’ फाइल असते. ती जुन्या एमपेग-१ पद्धतीचे चित्रण आहे आणि व्हीएलसीसारख्या विनामूल्य प्लेअरवर थेट चालते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असल्याने मोठ्या टीव्हीवर ते धुरकट दिसेल, त्याला इलाज नाही. डीव्हीडींचे मात्र पाहावे लागेल, कारण त्या जगाच्या कोणत्या विभागात चालाव्यात याचा क्रमांक त्यांवर घातलेला असतो. भारतासाठीच्या डीव्हीडी पाचव्या विभागाच्या आणि अमेरिकेच्या पहिल्या. बऱ्याच भारतीय डीव्हीडींवर सर्व विभागांची मुभा असते. ज्यांवर नसेल त्यांच्यासाठी ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण तो फक्त पाच वेळा, आणि शेवटचा बदल कायमचा राहतो. हा ड्राइव्ह केवळ पेटीतल्या तबकड्यांसाठी ठेवणार असाल तर एकदाच पाच क्रमांक लावून मोकळे व्हा.

व्हीसीडी आधी उतरवा. सीडीवर साध्या फाइली ठेवताना चूक दुरुस्त करणाऱ्या अंकांचा एक जादा थर असतो; व्हीसीडीमध्ये अधिक चित्रण मावावे म्हणून तो थर गाळलेला आहे. म्हणूनच त्याच वयाच्या साध्या सीडीवरची कागदपत्रे सुखरूप निघतात आणि व्हीसीडीवरचे नाटक दुसऱ्या अंकात ठोकळे ठोकळे होऊन थांबते. नाटक दोन-तीन व्हीसीडींवर विभागलेले असते, त्यामुळे एक गेली तरी बाकीच्या टाकू नका.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी संगणकात घातली की नुसती घरघर होते. तिच्यातून काही काढता येईल का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : आधी दुसरा ड्राइव्ह, शक्यतो वेगळ्या कंपनीचा, वापरून पाहा. ड्राइव्हच्या लेझरची ताकद आणि भिंगाची स्वच्छता यांत इतका फरक असतो की एकात मृत वाटलेली डीव्हीडी दुसऱ्यात सुरळीत चालते. ज्याने ती मुळात लिहिली तो राइटर अजून कोणाकडे असेल तर त्यात सर्वांत आधी घाला. छायाचित्रकाराने ती फायनलाइज न करता दिली असण्याचीही शक्यता आहे, आणि मग ती फक्त त्याच्याच यंत्रावर उघडते. ती दिसते पण मध्येच अडते, अशी स्थिती असेल तर फाइल कॉपी करण्याच्या मागे न लागता ‘डीडीरेस्क्यू’सारखी आज्ञावली वापरा. ती वाचता येईल तेवढे आधी उचलते, अडलेल्या जागा बाजूला ठेवते आणि नंतर त्यांच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. दोन वेगळ्या ड्राइव्हवर एकाच डीव्हीडीची अशी उचल केल्यास एकाने सोडलेले तुकडे दुसरा भरून काढतो.

प्रश्न : उतरवून झालेल्या सीडी टाकायच्या कशा? सध्या काही बाल्कनीत कबुतरांसाठी टांगल्या आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गाण्यांच्या किंवा कोऱ्या खुशाल टांगा, कबुतरे चार दिवस बिचकतील. बँकेची विवरणे, आधारची प्रत किंवा वैद्यकीय अहवाल असलेल्या टांगू नका आणि तशाच भंगारातही देऊ नका. घरी काढलेल्या सीडीच्या वरच्या बाजूला रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली की पुष्कळदा चकाकणारा थर सोलून निघतो आणि उरते ते पारदर्शक प्लास्टिक. आधी चाकूने एक-दोन चिरा दिल्यास काम सोपे होते. डीव्हीडीचा थर आत असल्याने हे तिच्यावर चालत नाही. ती जाड फडक्यात गुंडाळून मोडावी, कारण पॉलिकार्बोनेटचे धारदार तुकडे उडतात आणि डोळ्याला इजा होऊ शकते. तुकडे सुक्या कचऱ्यात टाकण्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. तिथे देण्यापूर्वी डब्यांतले छापील कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या वेगळ्या काढून ठेवा.